खोली नंबर चारची भेग

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायला जे सर होते, त्यांच्या कोटाच्या खिशात कायम दाणे असायचे. खायचे नव्हेत, मोजायचे. उजव्या खिशात चिंचोके आणि सरकी, डाव्या खिशात तूर आणि ज्वारी, आणि वरच्या खिशात कागदाच्या पुडीत तीळ. दर सोमवारी पहिला तास सुरू व्हायच्या आधी ते इमारतीला एक चक्कर मारत. भिंतीला कुठे भेग दिसली की थांबत आणि एकेक दाणा आत घालून बघत. चिंचोका जातो का? नाही जात. सरकी? नाही. तूर? गेली. मग वही काढून लिहीत : खोली चार, पश्चिमेची भिंत, चैत्र, तूर. पोट्टे त्यांना दाणेसर म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही काही वाटत नसे.

आता कुणी विचारेल की काय बाप्पा, तुमच्या अमरावतीत फुटपट्टी मिळत नव्हती काय? मिळत होती. मीच एकदा धीर करून विचारलं होतं. सर म्हणाले की फुटपट्टी भेगेबाहेर राहते आणि दाणा भेगेच्या आत जातो. शिवाय तुरीचा दाणा केवढा असतो हे हिवरखेडच्या पोट्ट्यालाही सांगावं लागत नाही. हिवरखेडचा पोट्टा म्हणजे मी. त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

वर्गात त्यांची मराठी अगदी छापील. 'तद्वत', 'किंबहुना', 'अर्थात' असं सगळं चालायचं. वर्गाचा उंबरठा ओलांडला की हाच माणूस अस्सल अकोटचा व्हायचा. "काहून रे, हात हालवत आला? वही कोठी हाये?" हे ते व्हरांड्यात विचारायचे, आणि तीन पावलांनी वर्गात शिरले की "आपली वही आपण विसरलात असे दिसते." दोन्ही वेळा बोलणी तेवढीच बसायची.

त्यांचा आवडता शब्द 'पुरावा'. कारकुनानं येऊन सांगितलं की सर, ताप आहे, आज लवकर जातो, तर पुरावा? आणि लगेच त्याच्या कपाळाला हात लावून, "हो, आहे. जा." माझ्या वर्गातल्या एकानं लाजत लाजत सांगितलं की सर, माझं लग्न ठरलं, तर त्यालाही पुरावा मागितला. बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी पत्रिका आणली. सरांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, लग्नाला अकोल्याला गेले, आणि आहेर म्हणून जुन्या वऱ्हाडचा नकाशा दिला. नवरीकडची मंडळी तो नकाशा उलटसुलट करून बघत होती.

आणि चुकीला त्यांच्याकडे माफी होती, पण फुकट नव्हती. सनावळी चुकली, नाव चुकलं, की उभं राहायचं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणायचं : चूक माझी. बस, तेवढंच. त्यावर दंड नाही, रागावणं नाही. मात्र हा नियम त्यांनी स्वतःला कधी लावलेला आम्ही पाहिला नव्हता. एकदा फळ्यावर त्यांनी एका राजाला त्याच्या बापाचा बाप करून ठेवलं. साठ पोरं श्वास रोखून बसली की आता सर म्हणतात. सरांनी फळा पुसला, नीट लिहिलं, आणि म्हणाले की खडू ओला आहे. मी तेव्हापासून त्यांच्या थोडा जास्तच प्रेमात पडलो, खोटं कशाला बोलू.

शिकवायला त्यांच्याकडे सगळा हिंदुस्थान होता, पण जीव अडकला होता तो त्या एका इमारतीत. इंग्रजांच्या अमदानीतली, काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. लांब व्हरांडा, कमानी, उंच छत. दगड कुठल्या खाणीतला, चुना दळायची घाणी कुठे होती, तिला बैल कुणाचे जुंपले होते, हे सगळं त्यांनी म्हाताऱ्या लोकांच्या दारोदार फिरून गोळा केलं होतं. दरवर्षी नव्या पोरांना ते इमारतीभोवती फिरवत आणि सांगत की ही काळ्या मातीवर उभी आहे हे विसरू नका. वऱ्हाडातल्या पोरांना काळी माती काय सांगायची? वैशाखात शेतात अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात जातो, आणि पाणी प्यायली की तीच माती फुगून बसते. आम्ही माना डोलवायचो आणि कधी एकदा चहाला जातो असं व्हायचं.

खोली नंबर चारच्या पश्चिम भिंतीतली भेग ही त्यांच्या वहीतली सगळ्यात जुनी. बारा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा दिसली तेव्हा उन्हाळ्यात तिच्यात कसाबसा तीळ जायचा. पुढे ज्वारी जाऊ लागली, मग तूर, मग सरकी. पावसाळ्यात थोडी मिटायची, पण पुढच्या उन्हाळ्यात आणखी रुंद व्हायची. आम्ही बी.ए.च्या शेवटून दुसऱ्या वर्षाला होतो त्या फाल्गुनात तिच्यात चिंचोका गेला. सरांनी तो बाहेर काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्या दिवशी शिकवताना त्यांचं लक्ष नव्हतं.

त्याच महिन्यात नागपूरहून तिघांची कमिटी आली. त्यातले मुख्य होते एक मोठे इंजिनियर. हॅट, चामड्याची पेटी, पेटीत पोलादाच्या पात्यांचा जुडगा. माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगून टाकतो. व्यवस्थित बघणारा, कमी बोलणारा होता. त्यांनी दोन दिवस भिंती बघितल्या आणि निकाल दिला : इमारत धोक्याची आहे, वार्षिक परीक्षा झाल्यावर पाडावी. खोली चारला त्याच दिवशी कुलूप लागलं. नवी इमारत होईपर्यंत दोन वर्षं आमचे वर्ग बंद. ज्यांना जमेल त्यांनी अकोल्याला नाव घालावं.

ज्यांना जमेल त्यांनी. हे वाक्य मी नोटिशीत दोनदा वाचलं. माझे बाबा हिवरखेडला सालदार. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढच्याच जूनमध्ये मला अकोटच्या एस.टी.त बसवून अमरावतीला पाठवलं. इथल्या बोर्डिंगात मला फुकट जागा मिळाली होती, दोन वेळचं जेवण मिळत होतं. अकोल्याला माझं कोण होतं? दोन वर्षं थांबायचं म्हणजे घरी जायचं, आणि घरी जायचं म्हणजे बाबांच्या शेजारी कामाला उभं राहायचं. माझ्यासारखे आणखी आठ-दहा जण होते. आम्ही सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही.

कॉलेजच्या फाटकाशी एक माळीणबाई फुलं विकायला बसायची. कॉलेजच्या मागेच तिचा मळा. अख्ख्या अमरावतीत सरांना 'मास्तर' म्हणणारी ती एकटी. त्या संध्याकाळी सर खाली मान घालून फाटकातून निघाले, मी मागे होतो. तिनं हटकलं. इमारत पाडून राहिले म्हणतात, खरं काय? सर म्हणाले, खरं आहे. भेग वाढते आहे, का वाढते ते मला कळत नाही.

ती हार ओवता ओवता म्हणाली, "तुमीच तं पाट बुजवला, मास्तर. मंग भिंत फाटन नाई तं काय करन?"

सवयीनं सरांच्या तोंडून गेलं, पुरावा?

"व्हरांड्याखालची फरशी उचला अन् पाहा. माह्या सासऱ्यानं तीस वर्सं पानी दिलं त्या पाटाले. तुमी बुजवला तवा मानूस दोन दिस जेवला नाई."

सर तिथंच उभे राहिले. मग ते मागे फिरले, शिपायाकडून पहार मागून घेतली आणि आम्ही दोघांनी व्हरांड्याच्या कडेची एक फरशी उचकटली. खाली माती, मातीखाली विटा, आणि विटांचा नीट बांधलेला हातभर रुंदीचा पाट. पश्चिमेकडून उत्तरेकडे वळलेला. म्हणजे अख्ख्या इमारतीला वेढा घालून गेलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या फायली काढल्या आणि त्यात ते स्वतःच पार विसरून गेलेला, त्यांच्याच अक्षरातला अर्ज सापडला. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास सर नवे नवे लागले होते. एका मोठ्या पाहुण्याचं स्वागत व्हायचं होतं. तरुण प्राध्यापकानं प्रिन्सिपॉलांना लिहून दिलं होतं की इमारतीभोवतीचा फुलझाडांचा वाफा आणि पाण्याचा पाट गावंढळ दिसतो, डास होतात, पायाला ओल लागते. तो बुजवून वर शहाबादी फरशी घालावी. प्रिन्सिपॉलांनी शाबासकीचा शेरा मारला होता. आणि वहीतल्या खोली चारच्या भेगेची पहिली नोंद बरोबर त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली. ज्यांनी ही इमारत काळ्या मातीवर बांधली त्यांना माती कळत होती. ती उन्हाळ्यातही सुकू नये म्हणून त्यांनी फुलांचा बहाणा करून पायाला बारमाही पाणी ठेवलं होतं. बारा वर्षं खिशात दाणे घेऊन ज्या चोराचा माग काढला तो आपणच, हे सरांना त्या दुपारी कळलं.

शेवटच्या बैठकीसाठी कमिटी पुन्हा आली तेव्हा हॉलमध्ये सगळे प्राध्यापक होते आणि खिडक्यांत आम्ही लोंबकळत होतो. सर उभे राहिले. अर्ज वाचून दाखवला. मग वही काढून बारा वर्षांचे दाणे वाचून दाखवले. सरकी हे माप ऐकून एकदोघे फिसकन हसले. सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"चूक माझी," ते म्हणाले. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "इमारतीची नाही. तिला चाळीस दिवस द्या. मृग लागायच्या आत ही भेग मिटली नाही तर इमारत पाडा, आणि माझा राजीनामा आजच घेऊन ठेवा."

इंजिनियर साहेबांनी विचारलं की चाळीस दिवसांत तुम्ही करणार काय? पायाला पाणी घालणार, सर म्हणाले. साहेब म्हणाले, "प्रोफेसर, आम्ही जन्मभर पायाजवळचं पाणी बाहेर काढत आलो." पण त्यांनी हॅट पुढ्यात ठेवून जरा विचार केला आणि चाळीस दिवस दिले. पाऊस यायच्या आत मी स्वतः बघायला येईन, एवढी अट घातली. राजीनामा प्रिन्सिपॉलांच्या टेबलाच्या खणात गेला.

मग सुरू झालं आमचं खूळ. वैशाखाचं ऊन, शहरात प्यायच्या पाण्यासाठी नळावर भांडणं, आणि आम्ही दहा पोट्टे भिंतीला पाणी पाजतोय. नशीब एवढंच की कॉलेजच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्याला कुणी तोंड लावत नसे. आम्ही फरश्या उचकटल्या, पाटातली माती उपसली आणि पश्चिमेच्या भिंतीखाली बादल्यांमागून बादल्या ओतल्या. येणारे जाणारे सायकल थांबवून बघत. एक वकील तर रोज विचारायचे की काय सर, भिंतीला पालवी फुटली का? सर धोतर खोचून, डोक्याला पंचा बांधून आमच्यात उभे. कोट खुंटीला, दाणे मात्र कमरेला पिशवीत.

बाराव्या दिवशी चिंचोका जाईना. आम्ही नाचलो. आणि अठराव्या दिवशी समोरच्या, पूर्वेच्या भिंतीत तडकन नवी भेग पडली. बारीकच, पण नवी. मी सरांचं तोंड पाहिलं आणि मला रडू आलं. त्या क्षणी मला पक्कं वाटलं की संपलं, आता बोचकं बांधायचं.

माळीणबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती आली, चारी बाजूंनी फिरली, आणि सगळ्यांदेखत सरांना झापलं. "एकाच अंगानं पानी देऊन राहिले तुमी. त्या अंगाची माती फुगन, भिंतीले उचलन, अन् दुसऱ्या अंगानं फाटन. लेकराले एकाच बाजूनं भरवता काय? चारी अंगानं द्या, थोडं थोडं द्या, रोज द्या." आम्ही दुखऱ्या जागी औषध जास्त घालत होतो. शिकलेल्या माणसांचीच चूक ती. सरांनी मान खाली घालून विचारलं, किती द्यायचं? पाय ठेवून बघायचं, ती म्हणाली. माती पायाला चिकटली की थांबायचं.

त्यानंतर हुकूम तिचा. उरलेला पाट आम्ही चारही बाजूंनी मोकळा केला. सकाळी ती अनवाणी चालत पुढे जायची, मागून आम्ही बादल्या घेऊन. जिथे ती हात वर करी तिथे थांबायचं. सर तिच्या मागे दाण्यांची पिशवी घेऊन विद्यार्थ्यासारखे चालत. पूर्वेची बारीक भेग आठवड्यात गेली. पश्चिमेची हट्टी होती. सरकी बंद झाली. मग चार-पाच दिवस तूर जातच राहिली, आणि सर जेवणावरून उठून येऊन बघू लागले. मग एका सकाळी तूर अडली. मग ज्वारी. सदतिसाव्या दिवशी पुडीतला तीळ त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितला आणि तो खाली पडला. ते खाली वाकून तो तीळ शोधत बसले. आम्ही कुणी हसलो नाही.

चाळिसाव्या दिवशी साहेब आले. आभाळ कोरडं ठाक होतं, मृगाला दोन दिवस अवकाश होता, म्हणजे पावसानं केलं असं म्हणायची सोय नव्हती. सरांनी दाणे पुढे केले. साहेबांनी हसून नको म्हटलं आणि पेटीतली पोलादाची पाती काढली. जाड पातं लावलं, नाही गेलं. त्याहून पातळ, नाही गेलं. शेवटचं पातं कागदाएवढं. ते भेगेवर ठेवून त्यांनी वरपासून खालपर्यंत ओढत नेलं. कुठेच शिरलं नाही. साहेबांनी हॅट काढली, भिंतीवर तळवा ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाले, "तीस वर्षं नोकरी केली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

तुम्हाला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा सरांनी माळीणबाईकडे बोट दाखवलं. साहेब तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि डायरी उघडून विचारू लागले की किती पाणी, किती वेळा, कुठल्या महिन्यात. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. इमारत पाडू नये, पाट कायम चालू ठेवावा, असा कागद त्यांनी तिथेच व्हरांड्याच्या कठड्यावर बसून लिहिला. प्रिन्सिपॉल साहेबांनी खणातला राजीनामा आणून सरांच्या हातात दिला, आणि सरांनी तो फाडून पाटात टाकला.

पाट चालवायचा तर माणूस हवा. प्रिन्सिपॉल साहेबांनी माळीणबाईला कॉलेजची नोकरी देऊ केली. तिनं जरा आढेवेढे घेतले आणि म्हणाली, "पानी मी घालीन. पन पाटाच्या काठाले जे फुलं येतीन ते माहे." प्रिन्सिपॉल साहेबांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, लिहून द्या. तेही लिहून दिलं गेलं. त्या वर्षीपासून कॉलेजात कुठलाही सत्कार असला की कॉलेजच्याच मोगऱ्याचे हार कॉलेज तिच्याकडून विकत घ्यायचं, आणि ती कवडीनंही भाव कमी करायची नाही.

जूनअखेर कॉलेज उघडलं तेव्हा खोली चारचं कुलूप शिपायानं काढलं आणि आम्ही आत गेलो. महिनोन्महिने बंद असलेल्या खोलीचा वास येत होता. आम्ही खिडक्या उघडल्या, बाकं पुसली. घरी परत जायला निघालेले ते आठ-दहा जण सगळे आपापल्या जागेवर होते. घंटा झाली आणि सर आले. अंगात कोट, वही हातात. काही बोलतील, भाषण करतील असं वाटलं होतं. त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं.

एरवी सर हजेरी घेताना मान वर करत नसत. त्या दिवशी एकेक नंबर उच्चारायचे, मान वर करायचे, त्या पोराकडे बघायचे आणि मगच खूण करायचे. साठ पोरांची हजेरी, अर्धा तास गेला. कुणाची कुरकुर नाही. माझ्या घरात तोवर कुणी काही जिंकलेलं मी बघितलं नव्हतं. वाट बघणारे बघितले होते, सोसणारे बघितले होते. मी बाकावर बसून त्या भिंतीकडे बघत होतो. आम्ही जिंकलो होतो.

माझा नंबर आला. सरांनी मान वर केली.

मी म्हणालो, "हजर." जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण मागच्या बाकावरचे सगळे हसले.